मध्ययुगीन इंग्लिश पॅरिश चर्चचे स्थापत्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिश चर्च म्हणजे नेमके काय? ते कॅथीड्रलपेक्षा वेगळे कसे?

पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूकडे सोपवलेला, ठरलेल्या हद्दीचा प्रदेश. खेड्यापाड्यांत ही हद्द बहुधा एक गाव आणि त्याच्या वाड्या एवढीच असे. त्या हद्दीत राहणाऱ्या माणसाचा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन ज्या चर्चमध्ये होई, ते त्याचे पॅरिश चर्च. कॅथीड्रल हे बिशपचे पीठ असते आणि मठातले चर्च तिथल्या संन्याशांसाठी असे. या दोन्हींमागे मोठी उत्पन्ने आणि नामवंत कारागीर उभे असत. पॅरिश चर्चला असा एकच धनी नव्हता. जमीनदार, धर्मगुरू, गावातले शेतकरी, पुढे व्यापारी आणि धार्मिक मंडळे अशा अनेकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे आणि आपापल्या काळात त्यात भर घातली. त्यामुळे ही इमारत क्वचितच एका आराखड्याने उभी राहिलेली असते. चारपाचशे वर्षांची बांधकामे एकमेकांना टेकून उभी असतात आणि त्यांचे सांधे शोधणे हाच अशा चर्चचा अभ्यास करण्याचा खरा मार्ग आहे.

साधारण मांडणी कशी असते?

इमारत पश्चिमेकडून पूर्वेकडे लांब असते. पश्चिम टोकाला बहुधा मनोरा, मध्ये लोकांनी जमण्याचा प्रशस्त भाग म्हणजे नेव्ह आणि पूर्व टोकाला मुख्य वेदी असलेला चान्सेल. नेव्ह आणि चान्सेल यांच्यामध्ये एक मोठी कमान असते. प्रवेश सहसा दक्षिणेकडच्या दारातून होतो आणि त्या दारापुढे छप्पर असलेली देवडी असते. बाप्तिस्मा हा ख्रिस्ती समाजातला प्रवेश असल्यामुळे बाप्तिस्म्याचे दगडी कुंडही दाराजवळच ठेवलेले आढळते. आपल्या वाचकाला सभामंडप आणि गाभारा यांची आठवण होईल. लोकांची जागा आणि पूजाविधीची जागा वेगळी ठेवण्यापुरती ही तुलना योग्यच आहे, पण तिथेच ती संपते, कारण चान्सेल गाभाऱ्यासारखा अंधारा आणि बंदिस्त नसतो. उलट इमारतीतली सर्वांत मोठी खिडकी पुष्कळदा त्याच्याच पूर्व भिंतीत असते.

नेव्ह उंच आणि भव्य, तर चान्सेल ठेंगणा आणि साधा, असे का दिसते?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर खर्चाच्या वाटणीत आहे. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापर्यंत असा नियम रूढ झाला होता की चान्सेलची डागडुजी रेक्टरने करावी आणि नेव्हची गावकऱ्यांनी. रेक्टर म्हणजे गावाच्या पिकातला दशमांश घेणारा. तो कधी गावचा धर्मगुरू असे, पण अनेक ठिकाणी हा हक्क दूरच्या एखाद्या मठाकडे गेलेला असे आणि गावात केवळ त्याचा प्रतिनिधी विधी पार पाडत असे. अशा मठाला त्या चान्सेलवर पैसे घालण्यात फारसा रस नसे. छप्पर गळले नाही म्हणजे झाले. याउलट नेव्ह ही गावाची स्वतःची वास्तू होती. पंधराव्या शतकात हातात पैसा येताच गावकऱ्यांनी ती वाढवली, उंचावली आणि सजवली. दोन शेजारी, दोन खिसे आणि दोन वेगळ्या इच्छा यांचा हिशेब त्या छपरांच्या उंचीत उघड मांडलेला असतो. उलट चित्रही सापडते. लिंकनशायरमधल्या हेकिंग्टन येथे चौदाव्या शतकात सधन रेक्टर लाभल्यामुळे चान्सेलच अतिशय देखणा झाला.

ही वाटणी मध्ययुगाबरोबर संपली नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सोळाव्या शतकात मठ बंद झाल्यावर त्यांच्या जमिनी विकल्या गेल्या आणि चान्सेल दुरुस्तीचे दायित्वही काही जमिनींबरोबर नव्या मालकांकडे गेले. वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कँटलो गावात असेच एक शेत वारशाने मिळालेल्या मालकांवर चर्चच्या दुरुस्तीची मोठी रक्कम येऊन पडली, आणि २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) ते दायित्व कायदेशीर ठरवले. पुढे ऑक्टोबर २०१३ पर्यंत अशी दायित्वे जमीन नोंदणी कार्यालयात नोंदवण्याची व्यवस्था झाली.

चर्चचा काळ कसा ओळखावा?

वास्तुविशारद थॉमस रिकमन याने १८१७ मध्ये इंग्लिश स्थापत्याच्या शैलींची जी वर्गवारी मांडली, तीच नावे आजही वापरली जातात. नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर हे ते चार टप्पे. त्यांच्या आधीचा म्हणजे १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीचा टप्पा सॅक्सन. नवख्याने सर्वप्रथम खिडक्या आणि कमानी पाहाव्यात.

सॅक्सन बांधकाम थोडेच उरले आहे, म्हणून ते दिसले की थांबून पाहावे. भिंती उंच आणि पातळ, खिडक्या लहान, इमारतीच्या कोपऱ्यांत एक दगड उभा आणि एक आडवा असा क्रम. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या अर्ल्स बार्टनच्या मनोऱ्यावर उभ्या दगडी पट्ट्यांची नक्षी आहे. डरहॅम परगण्यातले एस्कम हे सातव्या शतकातले चर्च जवळच्या बिंचेस्टर येथील ओसाड रोमन किल्ल्याच्या दगडांतून उभे केले आहे. त्याच्या उत्तरेच्या भिंतीत सहाव्या रोमन लीजनचे, म्हणजे सैन्यदळाचे, नाव कोरलेला एक दगड चक्क उलटा बसवलेला दिसतो. गवंड्याला त्या अक्षरांशी कर्तव्य नव्हते, त्याला चांगला घडलेला दगड हवा होता.

नॉर्मन काळाची खूण म्हणजे अर्धगोल कमान, जाड भिंती, ठेंगणे भरभक्कम खांब आणि कमानीभोवती करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी नक्षी. ऑक्सफर्डजवळच्या इफ्ली येथे ती नक्षी भरगच्च आहे. पण एकच नॉर्मन चर्च पाहायचे असेल तर माझ्या मते हेरफर्डशायरमधले किलपेक पाहावे. साधारण ११४० च्या सुमाराचे हे लहानसे चर्च तांबड्या वालुकाश्मात बांधलेले आहे आणि छपराखालच्या दगडी तोड्यांवर ससा आणि कुत्रा, मेंढा, वाद्य वाजवणारा माणूस, चित्रविचित्र मुखवटे असे ऐंशीहून अधिक आकार कोरलेले आहेत. दक्षिण दाराच्या बाजूच्या खांबांवर वेली, साप आणि योद्धे एकमेकांत इतके गुंतले आहेत की डोळ्यांना एक रेषा धरून चालावे लागते. साडेआठशे वर्षे पाऊसवारा खाऊनही त्या रेषांची धार बऱ्याच अंशी टिकून आहे.

बाराव्या शतकाच्या अखेरीस टोकदार कमान आली आणि अर्ली इंग्लिश शैली सुरू झाली. भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद, उंच खिडक्या एकेकट्या किंवा तिघी-तिघी शेजारी बसवलेल्या असतात. साधारण १२७५ नंतर खिडकीच्या वरच्या भागात दगडाची जाळी फुलू लागली. आधी वर्तुळे आणि त्रिदले, मग ज्वालेसारख्या वाहत्या रेषा. हीच डेकोरेटेड शैली. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या वक्र रेषा सरळ झाल्या, खिडकीचे उभे दगडी गज थेट कमानीला जाऊन भिडू लागले आणि काचेचे क्षेत्र प्रचंड वाढले. ही पर्पेंडिक्युलर शैली सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालली आणि ती खास इंग्लंडचीच आहे. फ्रान्समध्ये त्या काळी वळणावळणाची वेगळीच शैली बहरली होती.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. खिडकीचा काळ हा भिंतीचा काळ असेलच असे नाही. जुन्या नॉर्मन भिंतीत नवी मोठी खिडकी पाडणे हा मध्ययुगातला नेहमीचा उद्योग होता.

हे सांधे प्रत्यक्षात कुठे शोधायचे?

नेव्हमध्ये उभे राहून मनोऱ्याच्या भिंतीकडे, म्हणजे पश्चिमेकडे पाहावे. अनेक चर्चमध्ये त्या भिंतीवर उलट्या इंग्रजी व्ही अक्षरासारखी दगडाची एक उतरती पट्टी दिसते. पूर्वीचे उभ्या उताराचे छप्पर जिथे मनोऱ्याला टेकत होते, ती ही रेघ. आता ती इमारतीच्या आत, आजच्या छपराच्या खाली आलेली असते, कारण मधल्या काळात भिंती उंचावल्या गेल्या आणि वर शिशाच्या पत्र्याचे जवळजवळ सपाट छप्पर बसले.

भिंती उंचावण्याचे कारण बाजूंना दडलेले आहे. लोकसंख्या वाढली तसे नेव्हच्या लांब भिंतीत कमानी फोडून बाहेर आइल, म्हणजे उतरत्या छपराच्या पडव्या, जोडल्या गेल्या. ही कामे बहुधा चर्च वापरात असतानाच चालत: बाहेर नवी भिंत आधी उभी राही आणि जुनी भिंत नंतर कापली जाई. त्यामुळे कमानींच्या वर मूळ भिंतीचा जाड तुकडा शिल्लक राहतो आणि त्यात कधी कधी अर्धी कापलेली, बुजवलेली जुनी खिडकीही दिसते. एका बाजूच्या कमानी गोल आणि समोरच्या बाजूच्या टोकदार असतील, तर दोन आइल दोन वेगळ्या पिढ्यांनी जोडले असे समजावे. आइल झाल्यामुळे नेव्हचा मधला भाग अंधारला. त्यावर उपाय म्हणून कमानींच्या वर भिंत चढवून तिच्यात खिडक्यांची रांग बसवली गेली. क्लेअरस्टोरी म्हणतात ती हीच.

वेगवेगळ्या भागांतली चर्च इतकी वेगळी का दिसतात?

दगड जड असतो आणि मध्ययुगात त्याची जमिनीवरून वाहतूक फार महाग पडे, म्हणून जवळ जे मिळेल त्यात बांधकाम होई. कॉट्सवोल्ड्समध्ये मधाच्या रंगाचा, सहज घडवता येणारा चुनखडक आहे, त्यामुळे तिथे कोरीवकाम मुबलक. नॉर्फक आणि सफक या पूर्वेकडच्या परगण्यांत घडाऊ दगड जवळपास नाहीच. तिथे फ्लिंट नावाच्या कठीण गारगोट्या शेतात सापडतात. फ्लिंटच्या भिंतीला काटकोनी कोपरा देण्यासाठी बाहेरून आणलेला घडीव दगड लागतो. त्या भागात गोल मनोरे इतके का आहेत, याचे एक कारण हेच सांगितले जाते. इंग्लंडमध्ये असे सुमारे १८० मनोरे आहेत आणि त्यांपैकी शंभराहून अधिक एकट्या नॉर्फकमध्ये आहेत.

पुढे याच प्रदेशातल्या कारागिरांनी आपल्या अडचणीची कला केली. फ्लिंट फोडला की आतून काळा, काचेसारखा चकचकीत पृष्ठभाग निघतो. फिकट दगडात आकार कोरून त्यांत हे काळे तुकडे बेमालूम बसवायचे, म्हणजे भिंतीवर काळ्या-पांढऱ्याची सपाट नक्षी तयार होते. सफकमधल्या लाँग मेलफर्ड चर्चच्या बाह्य भिंतींवर दात्यांची नावे आणि त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती याच पद्धतीने लिहिलेली आहे.

‘लोकरीची चर्च’ म्हणजे काय?

चौदाव्या आणि पंधराव्या शतकात इंग्लंडची संपत्ती मुख्यतः मेंढ्यांच्या पाठीवर उगवत होती. आधी कच्ची लोकर आणि पुढे विणलेले कापड निर्यात करून जे व्यापारी श्रीमंत झाले, त्यांनी आपल्या गावच्या चर्चवर सढळ हाताने खर्च केला. मृत्यूनंतर आत्म्याला शुद्धिस्थानात काळ काढावा लागतो आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने तो कमी होतो, ही श्रद्धा त्यामागे होती. गावात मान मिळवण्याची इच्छाही होती, आणि या दोन हेतूंना एकमेकांपासून तोडून पाहणे मला योग्य वाटत नाही.

कॉट्सवोल्ड्समधल्या नॉर्थलीच येथे नेव्हच्या बांधणीला पैसा देणाऱ्या जॉन फोर्टी याची पितळी स्मृतिपट्टी जमिनीत बसवलेली आहे. तिच्यावर त्याचा एक पाय मेंढीवर आणि दुसरा लोकरीच्या गाठोड्यावर आहे. सरदारांच्या पायांशी सिंह किंवा शिकारी कुत्रा दाखवण्याची रीत होती. या माणसाने आपला धंदाच पायाशी ठेवला. फेअरफर्ड येथे जॉन टेम आणि त्याचा मुलगा एडमंड यांनी बांधलेल्या चर्चमध्ये मध्ययुगीन रंगीत काचेच्या २८ खिडक्यांचा संच जवळजवळ पूर्ण टिकला आहे. सफकमधल्या लॅव्हनमचा सुमारे ४३ मीटर उंच मनोरा कापडव्यापारी स्प्रिंग घराणे आणि ऑक्सफर्डचा अर्ल जॉन डी व्हिअर यांच्या पैशातून उभा राहिला. स्प्रिंगांचे व्यापारचिन्ह आणि ढाली त्या मनोऱ्यावर कोरलेल्या आहेत.

मनोरा आणि त्यावरचे निमुळते शिखर कशासाठी?

मनोरा मुख्यतः घंटांसाठी. त्यावरचे शिखर दगडाचे किंवा शिशाने मढवलेल्या लाकडाचे असे आणि त्यात गावाच्या प्रतिष्ठेचा वाटा मोठा होता. लिंकनशायरमधल्या लाउथचे शिखर १५१५ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ८७ मीटर उंचीमुळे ते मध्ययुगीन पॅरिश चर्चच्या सर्वांत उंच शिखरांत गणले जाते. डर्बीशायरमधल्या चेस्टरफील्डचे चौदाव्या शतकातले शिखर मात्र वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. ते सुमारे ४५ अंशांनी पिळले गेले असून जवळपास तीन मीटर कललेही आहे. न सुकवलेले ओले लाकूड, आडव्या-तिरप्या आधारांचा तुटवडा आणि वरून शिशाचे ओझे ही त्याची कारणे मानली जातात.

लाकडी छप्परच का? दगडी कमानदार छत का नाही?

दगडी छताचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो, त्यासाठी जाड भिंती आणि बाहेरून दगडी धिरे लागतात आणि ते गावाला परवडत नसे. या मर्यादेतून इंग्लिश सुतारकाम ज्या उंचीला पोहोचले, त्याला तोड नाही. केंब्रिजशायरमधल्या मार्च गावी ओकच्या दुहेरी हॅमरबीम छपरावर, म्हणजे भिंतींतून पुढे काढलेल्या आखूड तुळयांच्या दोन थरांवर तोललेल्या छपरावर, पंख पसरलेले शंभराहून अधिक देवदूत कोरलेले आहेत.

भिंतींतले लहान कोनाडे, भोके आणि आसने कशासाठी होती?

चान्सेलच्या दक्षिण भिंतीत वेदीजवळ तळाला भोक असलेले लहान कुंड दिसते. मिस्सामध्ये, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या मुख्य विधीत, वापरलेली भांडी धुतल्यावरचे पाणी त्यातून थेट पवित्र भूमीत मुरत असे. त्याच्या शेजारी बहुधा धर्मगुरूंसाठी तीन दगडी आसने असतात. उत्तरेकडच्या भिंतीत काही ठिकाणी ख्रिस्ताची प्रतीकात्मक कबर असे: गुड फ्रायडेला पवित्र भाकर तिथे ठेवून ईस्टरच्या पहाटे बाहेर काढली जाई. हेकिंग्टन येथील अशा कबरीच्या पायथ्याशी झोपी गेलेले रोमन पहारेकरी कोरलेले आहेत. भिंतीतून तिरपे आरपार गेलेले भोक असेल तर ते बाजूच्या वेदीवरून मुख्य वेदी दिसावी म्हणून. बाहेर दक्षिण भिंतीवर ओरखडून काढलेले अर्धवर्तुळ आणि मधले छिद्र हे मिस्साची वेळ सांगणारे सूर्यघड्याळ होय. बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या काठावर लोखंडी कडीच्या खुणा दिसतात, कारण जादूटोण्यासाठी पवित्र पाणी चोरले जाऊ नये म्हणून १२३६ मध्ये आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांना कुलूपबंद झाकण लावण्याचा आदेश दिला होता.

वाकडा चान्सेल क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या कललेल्या मस्तकाचे प्रतीक आहे, हे खरे का?

याला मध्ययुगीन पुरावा नाही. नेव्ह आणि चान्सेल वेगवेगळ्या काळी बांधले गेले आणि जुनी इमारत उभी असताना नवी रेघ अचूक जुळवणे कठीण होते, एवढेच कारण पुरेसे आहे. बुजवलेल्या उत्तर दाराला ‘सैतानाचे दार’ म्हणतात, तीही नंतरची दंतकथा. मिरवणुका थांबल्यावर त्या दाराची गरज उरली नाही.

आतून भिंती पांढऱ्या आणि रिकाम्या का? पूर्वीही तशाच होत्या का?

मुळीच नाही. मध्ययुगात आतला बहुतेक भाग रंगवलेला होता. चान्सेलच्या कमानीवर अंतिम न्यायाचे मोठे चित्र असे आणि त्याच्यापुढे कोरीव लाकडी पडद्यावर क्रुसावरचा ख्रिस्त, मारिया आणि योहान यांच्या मूर्ती उभ्या असत. इंग्लंडचे चर्च रोमपासून तुटून प्रोटेस्टंट झाले त्या धर्मसुधारणेच्या काळात, १५४७ पासूनच्या काही वर्षांत, मूर्ती काढल्या गेल्या आणि चित्रांवर चुना फासला गेला. १५६१ मध्ये एलिझाबेथ राणीच्या आदेशाने त्या पडद्यांवरचे सज्जेही उतरवले गेले. भिंतीत उंचावर अधांतरी उघडणारे एक लहान दार आणि आत वळत जाणारा अरुंद जिना दिसला, तर तो त्या गेलेल्या सज्जाचा. त्यानंतर १६४३–४४ मध्ये मूर्तिभंजनासाठी नेमलेल्या विल्यम डाउसिंग या कट्टर प्युरिटनाने केंब्रिजशायर आणि सफकमध्ये फिरून काचा आणि मूर्ती फोडवल्या.

सफकमधल्या वेनहॅस्टन येथे १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी चुना फासलेल्या काही फळ्या टाकाऊ समजून आवारात ठेवल्या होत्या. रात्री पाऊस पडला, चुना वाहून गेला आणि सकाळी अंतिम न्यायाचे चित्र दिसू लागले. त्या चित्रात मधोमध क्रुसाच्या आणि दोन माणसांच्या आकाराच्या कोऱ्या जागा आहेत. तिथे मूर्ती उभ्या असल्यामुळे चित्रकाराने मागे रंग दिलाच नव्हता. मूर्ती नष्ट झाल्या, त्यांच्या बाह्यरेषा मात्र आपल्यापर्यंत पोहोचल्या. इंग्लंडमध्ये काय गमावले गेले हे मला कोणत्याही शाबूत चित्रापेक्षा या कोऱ्या जागांतून अधिक कळते.

काळ्या मृत्यूचा या इमारतींवर काय परिणाम झाला?

१३४८–४९ च्या प्लेगने गवंडी आणि गावकरी दोघेही नेले. अनेक कामे अर्धवट थांबली आणि पुढे साध्या रीतीने पुरी झाली. हर्टफर्डशायरमधल्या ॲशवेल येथे मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर कोणीतरी लॅटिनमध्ये कोरून ठेवले आहे की साक्षीला केवळ दीन, हतबल आणि बेभान झालेले लोक उरले आहेत. त्यातच १३६० च्या दशकातल्या एका भीषण वादळाचीही नोंद आहे. ती अक्षरे ओबडधोबड असून टोकदार हत्याराने दगडात खरवडलेली आहेत.

आज दिसते ते खरोखर मध्ययुगीन किती?

हे तपासूनच ठरवावे. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डन सोसायटीने चर्चचे ‘योग्य’ रूप कोणते याबद्दल ठाम मते मांडली आणि त्या उत्साहात एकोणिसाव्या शतकात हजारो चर्चची दुरुस्ती झाली. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटसारख्या वास्तुविशारदांनी कोसळायला आलेल्या इमारती वाचवल्या, हे मान्य केले पाहिजे. पण जुना गिलावा खरवडून दगड उघडे करणे आणि पर्पेंडिक्युलर खिडकी काढून ‘अधिक शुद्ध’ अशी नवी खिडकी बसवणे या गोष्टींनी भरून न येणारे नुकसान केले. या प्रकाराला विरोध म्हणून विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि जुने ते बदलू नये, नियमित निगा राखावी, असा आग्रह धरला. मी मॉरिस यांच्या बाजूचा आहे. अतिशय गुळगुळीत, एकसारख्या धारेचा दगड आणि चकचकीत फरशा दिसल्या की ते काम एकोणिसाव्या शतकातले असण्याची शक्यता मोठी असते.

महाराष्ट्रात या परंपरेचे काही पाहायला मिळते का?

मध्ययुगीन काही नाही, पण तिच्या पुनरुज्जीवनाचे उत्तम उदाहरण मुंबईत आहे. कुलाब्याचे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, म्हणजेच अफगाण चर्च, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधले गेले आणि १८५८ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. आराखडा हेन्री कॉनीबिअर याचा, आतल्या सजावटीचा मोठा भाग विल्यम बटरफील्डचा. शिखर १८६५ मध्ये पूर्ण झाले. अरुंद टोकदार खिडक्या, बाजूंचे आइल आणि स्पष्ट वेगळा ठेवलेला चान्सेल ही तेराव्या शतकातल्या इंग्लिश चर्चची लक्षणे तिथे एका जागी पाहता येतात. सांधे मात्र तिथे सापडणार नाहीत, कारण ते एकाच आराखड्याने उभे राहिले आहे.